शिमग्याच्या पालखीवर ऑटो पंच

आमच्या मिस्त्रींची नक्कल मी इतकी हुबेहूब करायचो, की ते नसताना गिऱ्हाईक शटरच्या बाहेरनं मलाच "ओ मिस्त्री" म्हणून हाक मारायचं. खाकरणं, विडी झटकणं, "लोखंड खोटं बोलत नाय" हा डायलॉग, सगळं जमलेलं. फक्त दुकानात उभे राहून ते हत्यार पारखायचे, ते मला आजवर जमलेलं नाय.

पोलादपूरला हायवेच्या कडेला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. मी महाडला आयटीआय करून तिथे फिटर म्हणून लागलो होतो. ड्रिल मारायच्या आधी लोखंडावर टोकदार सेंटर पंचानं खूण पाडावी लागते, नायतर ड्रिलचं बिट शेवाळावरून घसरल्यासारखं पळतं. साधा पंच एका हातात धरायचा, दुसऱ्या हातानं हातोडी मारायची. हातोडी चुकली की अंगठा. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख त्या वर्षी बारा महिने जांभळं होतं. ऑटोमॅटिक पंचाला हातोडी लागत नाय. टोक टेकवा, वरून दाबा, आतली स्प्रिंग सुटते. टक्! खूण तयार. एक हात मोकळा, पाठ खाजवायला.

तो घ्यायला आम्ही महाडच्या बाजारात गेलो. दुकानदारानं काउंटरवर सहा पंच मांडले आणि नाकातनं म्हणाला, "घ्या हो मिस्त्री, सगळे सारखेच."

"सारखे असते तर तू एकच मांडला असतास."

मिस्त्रींनी एकेक पंच काचेवर लोळवला. ज्याचं टोक डोललं, तो बाजूला. मग खिशातनं स्वतःचा स्टेनलेसचा तुकडा काढला आणि उरलेले एकाच जागी तीन-तीनदा दाबले. एकानं तीन ठिपके पाडले, जणू शेळीच्या लेंड्या. दुसरा एकदा हलक्यात सुटला, एकदा जोर लावला तरी सुटेना. तोही बाजूला. मग वरची टोपी फिरवून बघितली, घट्ट केली की घाव वाढतो का, ढिली केली की कमी होतो का. टोक आट्यांचं हाय की नाय, झिजलं तर बदलता येईल का, तेही बघितलं.

दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, मुलगी बघायला आलात काय?"

"मुलगी बघताना येवढं कोण बघतो रे?"

शेवटी एक उरला. जड, अंगावर बारीक खवले कापलेले, तेलकट हातातनंही निसटणार नाय असा. तीन दाबात एकच ठिपका, सुईनं काढल्यासारखा. मिस्त्रींनी तो शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लावला. त्या दिवसापासून त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. मला तर बघायचीही नव्हती बहुतेक.

पुढच्या शिमग्याला मिस्त्रींच्या वाडीनं पालखीचा नवीन सांगाडा आमच्याकडे बनवायला टाकला. वाडी आंबेनळी घाटाच्या अंगाला, वर डोंगरात. सांगाडा स्टेनलेसच्या चौकोनी पाइपचा, आणि त्यावर देवाच्या पाठीमागची जुनी पितळी प्रभावळ बसवायची. तिच्या भोकांचं माप आणायला मला पाठवलं. मी टेप काढली तसे तिथले मानकरी आबा खेकसले, "देवाला टेप लावतोस? तो काय पँट शिवायला आलाय?" वाडीत देवाचं माप फक्त मानकऱ्याच्या हातानं घ्यायची रीत. आबांनी हात टेकवत मोजलं: दोन विती, चार बोटं. मी खाली आलो आणि पाइपावर दोन विती, चार बोटं मोजली. माझ्या हातानं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या दुकानात फोन आला. प्रभावळ बसत नाय, चारही भोकं अर्धं बोट सरकलीत, पालखी दिवस मावळायच्या आत उठायला हवी. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि माझ्या हाताकडे बघितलं. मोटरसायकलवर घाटभर एक शब्द बोलले नायत. मला वाटलं, शिव्या दे ना बाबा, निदान नक्कल करायला तरी मिळेल.

वर सगळी वाडी जमलेली. ढोलवाले गळ्यात ढोल अडकवून उभे. मिस्त्री पुढे झाले आणि म्हणाले, "माप आमच्या वर्कशॉपचं चुकलं. नवीन भोकं पाडतो." पिशवीतनं हातोडी काढली मात्र, आबांनी काठी आडवी धरली.

"सकाळी नारळ वाढवलाय. देव बसलाय. आता पालखीवर हातोडा उगारायचा नाय. फिरवून भोक पाड, हरकत नाय."

खूण न पाडता स्टेनलेसवर ड्रिल टेकवलं, तर बिट पळून नव्या सांगाड्यावर ओरखडे काढणार, आणि तेही मिस्त्रींच्या स्वतःच्या वाडीत, सगळ्या भावकीसमोर. मिस्त्रींनी हातोडी पिशवीत टाकली आणि खिशातला पंच काढला. आबांच्या हाताचं माप पुन्हा घेतलं, दोन रेघा मारून फुली आखली. टोक एका रेघेवरून अलगद ओढत नेलं, फुलीच्या खाचेत अडकलं तिथे थांबवलं आणि दाबलं.

टक्.

आबांचे कान म्हातारे, पण ते टक् त्यांनी बरोबर टिपलं. "आत काय वाजलं रे?"

"स्प्रिंग हाय आबा, स्प्रिंग," मी घाईघाईनं म्हणालो.

मिस्त्रींनी मला डोळ्यानंच गप्प केलं. "आत हातोडा हाय, आबा. बोटाच्या पेराएवढा. स्प्रिंग त्याला मारते."

ढोलवाल्यानं टिपरू खाली केलं. मला मिस्त्रींचा राग आला. एवढं खरं बोलायची गरज काय होती? आबांनी हात पुढे केला. मिस्त्रींनी, ज्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता, त्यांनी पंच मुकाट्यानं आबांच्या हातात दिला.

आबांनी तो स्वतःच्या काठीवर टेकवला, दाबला. टक्. परत दाबला. टक्. काठीवरचा ठिपका जवळ धरून बघितला.

"हात उचलावा लागत नाय?"

"नाय. टेकवायचा आणि भार द्यायचा. पाया पडताना देतो तेवढाच."

आबांनी ठिपक्यावर अंगठा फिरवला. मग म्हणाले, "देवावर हात उगारायचा नाय, येवढीच रीत हाय. टेकवायला कोण नाय म्हणतो? पण उरलेल्या तीन खुणा मी करीन."

मिस्त्री रेघा आखत गेले, आबा टक् टक् करत गेले. शेवटची खूण झाल्यावर पाचवं भोक नाय म्हणून आबांना वाईट वाटलेलं दिसलं. मी ड्रिल धरलं. बिट त्या ठिपक्यात असं बसलं की जागचं हललं नाय, चारही भोकं सरळ गेली. प्रभावळ लावली, बोल्ट बोटानंच आत फिरले. ढोल सुरू झाला. खांदेकऱ्यांनी पालखी उचलली.

"आबा," मिस्त्री ढोलाच्या वर ओरडले, "तेवढा पंच..."

पंच आबांच्या बंडीच्या खिशात होता. "सगळी घरं फिरून येऊदे पालखी," आबा म्हणाले. "वाटेत बोल्ट ढिला झाला तर?"

बोल्ट ढिला झाला तर पाना लागतो, पंच नाय. हे तिथे आम्हा दोघांनाच माहीत होतं. आबांच्या खिशावर नजर ठेवून मिस्त्री पालखीमागनं घरोघर नाचत निघाले, आणि मी त्यांच्या मागनं, त्यांच्यासारखाच नाचत.