अकरावा गडी

काल शेतात हुळा भाजत बसलो होतो. पुतण्यानं मोबाइल पुढं केला. "काका, ऑस्ट्रेलियाच्या जुन्या खेळाडूंतली सगळ्यात भारी टीम निवडा." भाजलेल्या हरभऱ्याचा वास नाकात होताच, मी थेट माझ्या विशीत जाऊन पडलो.

तेव्हा घरची शेरडं वळायचं काम माझ्याकडं होतं, आणि लिंबाखाली बसून मी वहीच्या पानावर हीच टीम काढत होतो. दहा झाले. अकरावा फिरकीवाला घ्यावा की आणखी एक फास्ट बॉलर, या जागतिक प्रश्नात मी असा गढलो की शेरडं शेजारच्या जमीनमालकांच्या हरभऱ्यात कधी शिरली, कळलंच नाही. मान वर केली तेव्हा अर्धं वावर फस्त झालं होतं.

मालकांच्याच पडीक रानावर आमची शेरडं जगत होती. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, टोपी काढून त्यांच्या पायाशी ठेवली. मी टीमचा कागद धरून बाजूला उभा. मालक म्हणाले, "उचला टोपी. ही शेवटची खेप."

वाटेत अण्णांनी विचारलं, "काय लिवलंय रं त्यात?"

"ऑस्ट्रेलियाचे गडी."

"किती?"

"दहा."

"त्यातला एक बी शेरडं हाकाया न्हाई आला का?"

मला हसू आलं होतं. अण्णा हसत नव्हते, टोपी अजून त्यांच्या हातातच होती, हे आत्ता दिसतं.

पुतण्याला दहा नावं भराभर सांगितली. अकराव्याला माझी नजर आपोआप हरभऱ्याच्या वावराकडं गेली. शेरडं विकून कैक वर्षं झाली, अण्णाही गेले.

"अकरावा तूच निवड," मी म्हणालो.