कुणी मागू नये असा डबा

अपिसाईकडे कुणी काही मागितलं नाही, असा दिवस आमच्या गावाने पाहिलेला नाही. तो गावातून सावूसावूच्या बाजाराला जाणारी बस चालवतो. बसला खिडक्या आहेत, काचा नाहीत. पाऊस आला की ताडपत्री सोडायची. या बसमधून तो सकाळी निघतो तेव्हा त्याच्याकडे छत्री असते, टॉवेल असतो, डब्यात उकडलेला कसाव्याचा कंद असतो. परत येतो तेव्हा फक्त बस असते. एकदा तर तो अनवाणी आला. बाजारात कुणीतरी त्याच्या चपलांकडे बघून "छान आहेत" म्हणालं होतं.

आमच्याकडे याला केरेकेरे म्हणतात. "दे" असं कुणी तोंडावर म्हणत नाही. वस्तूकडे बघायचं आणि "छान आहे" म्हणायचं, की ती आपली. देणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. सगळेच देतात. पण बाकीचे उद्या जाऊन दुसऱ्याच्या कुदळीला छान म्हणून येतात आणि हिशोब आपोआप बरोबर होतो. अपिसाई मागत नाही. जन्मात त्याने कुणाच्या घरातल्या मिठालाही छान म्हटलेलं नाही. तो याला संकोच म्हणतो. त्याची बायको लोसालिनी याला माज म्हणते.

त्याची आई मेरेवालेसी चटया विणताना गायची. जुनी गाणी, मासे किनाऱ्याकडे बोलावण्याची, होडी ढकलण्याची. ती गाणी आता दुसऱ्या कुणाला पूर्ण येत नाहीत. विणता विणता ती गायची, मध्येच कोंबड्यांना शिव्या द्यायची, पुन्हा त्याच सुरात शिरायची. अपिसाईने ते सगळं फोनवर टिपून ऑकलंडच्या बहिणीने पाठवलेल्या जुन्या लॅपटॉपवर ठेवलं होतं. आई गेली. लॅपटॉप राहिला, पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्यालाही आतून खायला घेतलं. तापायचा आणि बंद पडायचा. आई गाण्याच्या मध्यावर गप्प व्हायची. जिवंतपणी ती कधीच गप्प बसली नव्हती, त्यामुळे ते जास्तच भयंकर वाटायचं.

सावूसावूच्या बाजारामागे बिसुनचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने लॅपटॉपला कान लावला.

"अपिसाई भाऊ, हा आता पाहुणा आहे. गाणी बाहेर काढा. एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घ्या."

अपिसाईने घेतली. साबणाच्या वडीएवढी, काळी, चकचकीत. घरी आणून चटईवर ठेवली, खोकंसुद्धा नीट फाडलं नव्हतं, तोच गावातल्या बहिणीचा मुलगा साकीउसा दारात.

"मामा, हे काय?"

"हार्ड डिस्क."

"नवी?"

"नवी."

साकीउसाने ती उचलून उजेडात धरली. "छान आहे, मामा."

स्वयंपाकघरात लोसालिनीच्या हातून डाव पडला. भाचा मामाकडे मागतो तेव्हा गावाचा नियम आणखीच कडक होतो. आजीच्या गाण्यांसाठी आणली आहे, एवढं म्हटलं असतं तरी पोराने खाली ठेवली असती. पण अपिसाईच्या मते कारण सांगणं म्हणजे नकारच, फक्त कपडे घातलेला.

"घे," तो म्हणाला. "तुझीच."

साकीउसाने तिच्यात रग्बीचे सामने भरले.

मग अपिसाईने तंबाखू सोडली आणि बऱ्याच दिवसांनी दुसरी हार्ड डिस्क आणली. या वेळी शहाणपण केलं: शर्टाच्या आत लपवली. बसमधून उतरला तर समोर पाद्रीबाबा.

"अपिसाई, छातीला काय झालं रे? सूज आहे?"

देवाच्या माणसाशी खोटं बोलायचं कसं? शर्टाचं बटण उघडलं. पाद्रीबाबांना आनंद झाला. रविवारच्या शाळेतल्या पोरांना बायबलची चित्रं दाखवायला अशीच एक वस्तू ते शोधत होते.

"किती छान आहे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी लोसालिनीने यांगोनाचं, त्याच्या रोजच्या पेयाचं, भांडं त्याच्यापुढे आदळलं. "अहो, आता विकत घेऊ नका. विकत घेता तुम्ही, वापरतं गाव. वादळाचे महिने येतील, छपराचे पत्रे तसेच आहेत. आणि सासूबाई तिकडे लॅपटॉपमध्ये गुदमरतायत."

तिसरी नवी परवडणार नव्हतीच. बिसुनने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मग बनवू या." कुणीतरी टाकून दिलेला एक लॅपटॉप त्याने उघडला, त्यातली हार्ड डिस्क काढली, जोडून पाहिली, डोळे मिटून तिची घरघर ऐकली. वायर असलेलं एक रिकामं खोकं घेतलं, ती त्यात सरकवली, दोन स्क्रू पिळले. नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम झालं.

"पण ऐका," बिसुन म्हणाला, "ही म्हातारी आहे. चालेल, पण हिच्या एकटीच्या जिवावर राहू नका. एकाच जागी ठेवलेली वस्तू ठेवलेली नसतेच. आज ना उद्या दुसरीकडेही उतरवून ठेवा."

अपिसाईने मान हलवली. त्याचं लक्ष खोक्याकडे होतं. तेसुद्धा काळं होतं आणि कोपऱ्यात जरासं चमकत होतं.

घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. चेपलेला, गंजलेला, त्यात गळाचे आकडे असायचे, त्यामुळे मासळीचा वास कायमचा. अपिसाईने त्याला वायरीपुरतं भोक पाडलं, आत सायकलच्या ट्यूबचे तुकडे अंथरले आणि हार्ड डिस्क त्यात झोपवली. इतकी कुरूप वस्तू गावात दुसरी नव्हती. तो ती उघडपणे मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. लोक येत, बघत, नाक मुरडत, पुढे जात. पहिल्यांदाच आणलेली वस्तू त्याच्याकडेच राहिली होती, आणि त्याला काय करावं ते कळेना.

गाणी उतरवायला दुपारच्या दुपारी गेल्या. लॅपटॉप तापला की लोसालिनी त्याला पंख्याने वारा घालायची, तापलेल्या पोराला घालावा तसा. एकेक गाणं डब्यात आलं. शेवटचं आलं आणि पुढच्याच आठवड्यात लॅपटॉप गेला तो गेलाच. आता आई फक्त डब्यात होती.

एका रविवारी प्रार्थनेनंतर साकीउसा जेवायला आला. अपिसाईने डब्याची वायर टीव्हीच्या मागे लावलेली होती.

"मामा, आता बिस्किटंही टीव्हीवर बघता का?"

"गप बस आणि दालो खा."

टीव्ही काळाच होता, फक्त आवाज आला. चटईची पाती ओढल्याची सळसळ, मग गाणं. साकीउसाचा हात ताटात थांबला. गाणं होडीपर्यंत आलं आणि मध्येच म्हातारी कडाडली, "साक्या! ओल्या पायांनी चटईवर चढलास तर पाय मोडून ठेवीन!"

साकीउसाने पाय पोटाशी घेतले. एवढा थोराड गडी, गावच्या संघात पुढच्या रांगेत खेळणारा. गाणं संपलं, कोंबड्यांना शिव्या झाल्या, सगळं शांत झालं. मग तो डब्याकडे बघू लागला.

"साकी," लोसालिनी म्हणाली, "तोंड उघडू नकोस. मी सांगून ठेवते, पुढचा शब्द बोलू नकोस."

"मामी, मी काय..."

"बोलू नकोस!"

"छान आहे," साकीउसा म्हणाला. ते मागणं होतं की नुसतं बोलणं, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

पण तो शब्द घरात पडला तो पडला. अपिसाईचा हात सवयीने उठला, डब्यापर्यंत गेला आणि झाकणावर थांबला. द्यावा तर आई घरातून गेली. न द्यावा तर आजवर न केलेलं करायचं. त्याच्या कपाळावर घाम आला. लोसालिनी सांगते, लग्नाच्या दिवशीही इतका आला नव्हता.

"साकी," तो शेवटी म्हणाला, "ती काळी हार्ड डिस्क आहे का रे तुझ्याकडे अजून?"

"आहे की. सामने आहेत तिच्यात."

अपिसाईने भिंतीकडे बघितलं. बाहेरच्या कुत्र्याकडे बघितलं.

"छान आहे," तो म्हणाला.

लोसालिनीच्या हातून पुन्हा डाव पडला. मामाने भाच्याकडे मागायचं! साकीउसा आधी हसला, मग उठला आणि धावतच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं बसने बिसुनकडे गेले. सामने पुसले, डब्यातली सगळी गाणी काळीत उतरवली. बिसुन साकीउसाला म्हणाला, नवी तू ठेव, जास्त टिकेल. साकीउसा हटून बसला. "मी डबा मागितला होता. डबाच नेणार." मासळीचा वास मारणारा तो डबा तो छातीशी धरून घेऊन गेला.

काळी अपिसाईकडे आली. चकचकीत. तिला आता उघड्यावर कुठे ठेवणार?

परवा तो माझ्या दारात आला. आत बोलावलं तर येईना. माझ्या ओट्यावर खिळे ठेवायचा एक जुना डबा असतो, झाकण वाकलेला, तळ गंजलेला. त्याच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग कानापर्यंत लाल होऊन, अगदी खालच्या आवाजात, तो ते म्हणाला.

मी खिळे जमिनीवर ओतले.