आबांनी दोनदा उगाच बंद केलेली विहीर

बाबांचा फोन आला तेव्हा मी न्यू प्लिमथच्या एका दुकानात सेफ्टी बूट घालून बघत होते. "सई, आबा गेले." एवढंच. एक बूट पायात, एक हातात, आणि मला रडू नाही आलं, आधी भीतीच वाटली... कारण आमचं भांडण अर्धवट राहिलं होतं!

माझे आजोबा, आबा, गुजरातमध्ये तेलाच्या पहिल्यावहिल्या विहिरी खणणाऱ्यांपैकी. वय तेव्हा जेमतेम वीस. खणताना विहिरीत सोडलेला चिखल वर टाकीत परत येतो. टाकी जास्त भरायला लागली की समजायचं, खालून गॅस ढकलतोय. आबांना एकदा टाकी चढल्यासारखी वाटली, त्यांनी विहीर बंद केली. काही नव्हतं. मग पुन्हा एकदा. तेव्हाही काही नव्हतं! लोक चिडवायचे, "काय भित्रेशेठ, आज भूत नाही दिसलं?" तिसऱ्यांदा बंद केली, तेव्हा खरंच गॅस होता. सगळे जिवंत घरी गेले. हे सांगताना आबा कधीच हसले नाहीत. अल्बनीच्या आमच्या घरात, गुजरातपासून इतक्या लांब, हीटरसमोर बसूनसुद्धा नजर दाराकडे असायची त्यांची.

मला तारानाकीत तेलविहीर खणणाऱ्या रिगवर नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "भीती वाटते का गं?"

"छे! स्वीट ॲज, एकदम मस्त, आबा!" चक्क खोटं.

त्यांचा चेहराच उतरला. "मग नको जाऊस. न घाबरणारा माणूस बाकीच्यांना मारतो."

मी चिडून दार आपटलं. तीच शेवटची भेट...

गेल्या आठवड्यात, रिगवरच्या माझ्या तिसऱ्याच दिवशी, टाकी चढतेय असं वाटलं. अगदी किंचित. नव्या पोरीने सगळ्यांचं काम थांबवायचं? पण मी ओरडलेच, "स्टॉप!" विहीर बंद. तपासलं... काहीच नव्हतं. कुणीतरी दुसऱ्या टाकीतला चिखल इकडे वळवला होता आणि सांगायला विसरला होता. "तुला चहा हवा होता तर मागायचा ना!" एक जण म्हणाला, हीऽऽ हशा. आमचा म्हातारा ड्रिलर मात्र हसला नाही. म्हणाला, "उद्याही ओरड."

शनिवारी घरी आले. आबांच्या खोलीत पलंगाखाली त्यांचे जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अजून तसेच आहेत, दाराकडे तोंड करून, उठल्या उठल्या पळता यावं म्हणून. आई झाडताना त्यांच्या कडेकडेने झाडते. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने सांगून टाकलं, "आबा, मी खूप घाबरले होते."

बुधवारी परत शिफ्ट आहे. आत्तापासूनच भीती वाटतेय. जाणारे.