निलंगा ते माहूर : ओव्हरटेकला कच खाणारी नवी गाडी

माहूरला जायचं हे मामींनी ठरवलं आणि गाडी मी चालवायची हे मी ठरवलं. मामी म्हणजे माझ्या सासूबाई; सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. नवी गाडी दारात उभी होती आणि देवीला दाखवल्याशिवाय ती रोज वापरणं मामींना पटत नव्हतं. नवरा पुण्यात, त्याला सुट्टी नाही. "एखादा ड्रायव्हर बघ," असं तो फोनवर म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. लायसन्स माझ्याकडे, गाडी माझ्या नावावर, मग ड्रायव्हर कशाला? शेवटी तोड निघाली. दोघांना सुखरूप नेऊन आणलं तर गाडी निलंग्यात माझ्याकडे राहणार, रोज शाळेत जायला. काही गडबड झाली तर तो येऊन पुण्याला घेऊन जाणार. इतकी वर्षं एसटीची वाट बघत फाट्यावर उभी राहिलेली बाई मी, त्यामुळे दर्शन त्यांचं आणि परीक्षा माझी होती.

आम्ही लातूर, अहमदपूर, लोहा असं नांदेडला गेलो. रस्ता बहुतेक चांगला आहे, पण मधेमधे काम चालू असल्याने धुरळा फार. दुष्काळात या भागात येणार असाल तर पाण्याचे कॅन सोबत घ्या. ढाब्यावर पिठलं-भाकरी झकास मिळते, हात धुवायचं पाणी मात्र मागून घ्यावं लागतं. दोन्हीकडची रानं काळीभोर, उघडी पडलेली. मामा खिडकीतून बघत होते.

अहमदपूर सोडलं आणि पुढे कडब्याने भरलेला ट्रक आला. समोर मोकळं बघून मी गिअर खाली टाकला, अॅक्सिलरेटर दाबला. गाडी उचलली, ट्रकच्या बरोबरीला आली आणि तिथेच तिचा दम गेला. पाय पार तळाला, तरी गाडी पुढे सरकेना. समोरून बस हॉर्न देत आलेली. ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे घुसले. पाय ढिला केल्यावर गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली, काही झालंच नाही जणू.

मागून मामा म्हणाले की मी क्लचवर पाय ठेवून चालवते. मामींनी रेणुकेचं नाव घेतलं. लोह्याच्या अलीकडे पुन्हा तेच झालं, मामा पुन्हा तेच म्हणाले. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? गाडी चालवत राहिले, पण आतून जळत होते.

नांदेडला एका सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. त्यांनी स्टेअरिंगखाली वायर जोडली, कॉम्प्युटरवर बघितलं, काही दोष दाखवत नाही म्हणाले. बॉनेट उघडलंसुद्धा नाही. "मॅडम, हात नवीन आहे ना, होईल सवय," हा सल्ला वर फुकट. मामांनी मान डोलावली. संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. गरम डाळ-रोटी, वाढणाऱ्याचा प्रेमळ आग्रह; नांदेडला जाऊन हे चुकवू नका. मामी तर तृप्त झाल्या. लॉजवर परत आलो, दर खोलीला एकच बादली पाणी मिळालं. तोंड धुऊन बाहेर येते तर व्हरांड्यात मामा लेकाशी फोनवर बोलत होते, "गाडी चांगली हाय रं, पर तिच्यानं सांभाळंना. तूच घिऊन जा."

सकाळी भोकरच्या पुढे रस्ता रिकामा मिळाला. मी विज्ञान शिकवते. म्हटलं, बाई, मुलांना सांगतेस ते स्वतः करून बघ. एसी बंद करून बघितला, फरक नाही. हळूहळू वेग वाढवला तर गाडी छान पळते, एकदम दाबलं की कच खाते. दुसऱ्या गिअरमध्ये तेच, तिसऱ्यातही तेच. मग इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा बघितला. क्लच घसरत असता तर काटा वर गेला असता आणि गाडी मागे राहिली असती. इथे काटाच खाली येत होता. म्हणजे माझा पाय निर्दोष! इंजिनालाच काहीतरी कमी पडत होतं, पेट्रोल नाहीतर हवा. मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बघू."

किनवटकडचा सागाचा पट्टा बघत, खड्डे चुकवत माहूरच्या चढाला लागलो. तिथे गाडीने साफ मान टाकली. कशीबशी सपाट जागी घेतली. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रल केला, बॉनेट उघडलं आणि मामांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून अॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. ते आधी नको म्हणाले, मग बसले. त्यांनी जोरात दाबलं तशी पुढच्या कोपऱ्यातून बारीक शीळ आली. वाकून बघते तर इंजिनात हवा जाते त्या काळ्या नळीच्या तोंडाला सुतळीने फडकं बांधलेलं! धुळीने माखून पोतेऱ्यासारखं झालेलं. मामांनी दाबलं की ते आत ओढलं जाऊन तोंड बंद करायचं, सोडलं की बाहेर यायचं. मी एक टोक झटकलं. खालून धोतराचा हिरवा काठ निघाला.

मी हाक मारली. मामा उतरून आले आणि त्यांनी वाकून बघितलं.

"ते मीच बांधलंय," ते म्हणाले. "पूजेदिवशी झाकण उघडं व्हतं तवा. धूळ लई हाय यंदा. नव्या गाडीच्या पोटात जाऊ नये म्हनून."

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या हवेच्या तोंडाला असं फडकं बांधायची आमच्या घरची पद्धतच आहे. भुसा अडतो, रोज संध्याकाळी ते सोडून झटकायचं असतं. "मग झटकलं का नाही?" मी विचारलं. खरं तर ओरडलेच.

"हे झाकण कुठनं उघडतंय ते कळंना. तुला इचारायची लाज वाटली."

"अन् वरनं दोन दिवस तिलाच बोलायलाव," मामी म्हणाल्या.

मला संताप यायला हवा होता आणि आलाही होता. पण मग आठवलं, यंदा आमच्या रानात मळायला काही आलंच नाही. ट्रॅक्टर ताडपत्रीखाली उभा आहे. मळणीचं फडकं रिकामं होतं, ते या माणसाने माझ्या गाडीला बांधलं. मला भरून आलं. मामांनी स्वतः सुतळी सोडली, फडकं दगडावर आपटून झटकलं, घडी करून खिशात ठेवलं. गाडीने उरलेला चढ एका दमात घेतला.

गडावर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच चढावं. प्रसादाचा कुटलेला विडा, तांबूल, खाल्ल्याशिवाय उतरू नका. मी देवीकडे काही मागितलं नाही. समोरून बस आली तेव्हा वाचवल्याबद्दल आभार मानले आणि फडक्याबद्दलही.

येताना नांदेडला मुक्काम करून मुखेड, उदगीर असे आलो. वाटेत एक लांबलचक ट्रक सरळ मागे टाकला. शाबासकीसाठी आरशात बघितलं, तर दुसरं कोणी गाडी चालवत असताना कधी डोळा न लावणारे मामा तोंड उघडं टाकून झोपलेले. उदगीरला चहाच्या टपरीवर उदगीर हा नवा जिल्हा कधी होणार यावर दोन गिऱ्हाइकांची जुंपली होती. मामा जागे झाले आणि उतरून त्यांच्यात सामील झाले. आधी पाणी येऊ द्या, मग जिल्हा, असं म्हणाले म्हणे.

घरी आल्यावर त्यांनी लेकाला फोन लावला. मी मुद्दाम तिथेच उभी राहिले. "गाडी हितंच ऱ्हाईल," ते म्हणाले. "चूक माझी व्हती. पोरीनं हुडकून काढली."

आता मी शाळेत गाडीनेच जाते. दर रविवारी मामा ते धोतराचं फडकं घेऊन गाडीपाशी येतात आणि इंजिनावरची धूळ पुसतात. बॉनेटचा खटका कुठे आहे ते त्यांना आता पाठ झालंय. तरी आधी मला हाक मारून विचारतात, "आनिता, झाकण उघडू का गं?"