शहाद्याची आमची न्याय-लोकशाहीची बॅच

आमच्या एम.ए. एज्युकेशनच्या बॅचमधले कोणी दोघं शहाद्याच्या एसटी स्टँडवर नुसते भेटले, तरी एक गाडी हमखास चुकते. किस्से सुरू होतात ना! 'शिक्षणातील सामाजिक न्याय आणि लोकशाही' असा आमचा भारदस्त पेपर. आम्ही सगळे नोकरी करणारे शिक्षक, वर्ग शनिवार-रविवारी. लोकांना वाटतं, यांनी नुसती जाडजूड पुस्तकं वाचली असतील. वाचलीच! पण आठवतात ती माणसं.

*

पहिल्याच आठवड्यात सरांनी जाहीर केलं, "रविवारचा तास सकाळी सातला."

शबाना उठली. शहाद्यातल्याच एका टेलरची मुलगी, घर अगदी जवळ. तरी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "सर, मी चालत येईन. पण म्हसावदहून ही कशी येणार? आणि धडगावहून दिलीप? मतदान घेऊ या."

"अहो, तास माझा आहे!"

"पण विषय लोकशाही आहे, सर!"

चिठ्ठ्या टाकल्या. सातच्या बाजूने एकच निघाली. सर ती हातात धरून म्हणाले, "अक्षर माझंच आहे. दहाला या!"

*

योगिता प्रकाशा गावची. तिथल्याच शाळेत शिकवते. सेमिनारला उभी राहिली आणि 'न्याय म्हणजे... न्याय ही संकल्पना...' इथेच अडकली.

सर म्हणाले, "पुस्तक मिट. घरी आईला सांगशील तसं सांग."

योगिताने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि अहिराणीत सुटलीच. "ज्याले फळा दिसत नही त्याले पुढे बसाडो. ज्याले भाषा समजत नही त्याले त्यानी भाषामा सांगो. न्याय आखो काय ऱ्हास, सर?"

न्याय म्हणजे आणखी काय असतं, असं तिचं म्हणणं. सर म्हणाले, "वा! कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकमा नही सर, प्रकाशामा शे!"

*

शबानाचे अब्बू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने सांगायचे, "हमारी बेटी इन्साफ पढ रही है!"

झालं! एक शेतकरी काका बांधाचं भांडण घेऊन थेट तिच्याकडेच आले. सोबत त्यांची मुलगी, कागदांची पिशवी धरून. काका म्हणाले, "ताई, मन्हा बांधना झगडा शे. निकाल कधी लागी?"

शबानाने मुलीकडे बघून विचारलं, "काका, आज शाळा आहे ना? मग ही इथे कशी?"

सातवीनंतर घरीच होती म्हणे. शाळा लांब पडते, सोबत नाही. शबाना म्हणाली, "काका, बांधाचं मला काही कळत नाही. हिचं कळतं." दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी जाऊन सोबतीला आणखी दोन मुली शोधल्या आणि हिचं शाळेत नाव घालून आली.

ती मुलगी यंदा दहावीला आहे. बांधाचा झगडा अजून चालूच!

*

माझाही एक किस्सा आहे. प्रॅक्टिकल म्हणून मी चौथीच्या मुलांना सांगितलं, वर्गाचे नियम तुम्हीच करा. त्यांनी पहिला नियम केला : 'मॅडमनी वर्गात मोबाईल आणू नये.' एकमताने मंजूर!

*

आणि दिलीप. सातपुड्यातल्या त्याच्या पाड्यावरचा पहिला एम.ए. तिथल्याच शाळेवर गुरुजी. शाळेच्या समितीत मुलांच्या आया-आज्या होत्या, पण सभा मराठीत चालायची. बाया यायच्या, अंगठा द्यायच्या, जायच्या. दिलीपने सभा पाड्याच्या बोलीत, पावरीत घ्यायला सुरुवात केली. हाच त्याच्या संशोधनाचा विषय. सुरुवातीला सगळ्या गप्पच. मग एकीने विचारलं, खिचडी एवढी पातळ का? मग दुसरी बोलली. पुढे तर अध्यक्षही त्यांच्यातलीच एक झाली.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक कडक. आम्ही दाराला कान लावून उभ्या.

परीक्षक म्हणाले, "सिद्धान्त राहू द्या. तुमच्या संशोधनाने फरक काय पडला, तेवढं सांगा."

दिलीप सांगू लागला.

"सर, मागच्या सभेत मी मध्येच बोलायला लागलो. अध्यक्षबाई म्हणाल्या, 'गुरुजी, हात वर करा. नंबर आला की बोला.'"

"मग? तुम्ही काय केलंत?"

"हात वर केला, सर. अध्यक्ष माझी आईच आहे!"