गोलात वाजलेल्या टाळ्या

अकरा वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्यांच्याबरोबर रोज चहा पिते त्या शाळेतल्या बायकांनाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसले आहे — आणि शेवटपर्यंत सांगणार आहे.

धारवाडला सप्तापुरात माझा शिशुवर्ग आहे. भाड्याचं बैठं घर, पुढे अंगण, पंचवीस-तीस मुलं. अक्षरं गिरवून घ्यायची नाहीत हे मी पहिल्या दिवशीच ठरवलेलं. तीन-चार वर्षांचं मूल हातांनी शिकतं — मातीने, पाण्याने, चिंचोक्यांनी. ज्याच्या घरी कानडी त्याने कानडीत बोलावं, मराठी त्याने मराठीत. थोड्या दिवसांत दोन्ही येतात. डबे एकत्र उघडायचे. आणि सकाळी सगळ्यांनी गोल करून बसायचं. त्या गोलात एक नियम होता — चूक झाली तर सांगून टाकायची, खरं सांगणाऱ्याला इथे कुणी रागावत नाही. कुणी सांगितलं की बाकीची मुलं टाळ्या वाजवायची. पालकांना हे फार आवडायचं. मला तर त्याहून. हा नियम मुलांपुरताच आहे असं कुणी म्हटलं होतं? कुणीच नाही. मीच तसं धरून चालले होते.

त्या वर्षी रेणुका आली. चार वर्षांची. आईवडील अळणावरकडच्या खेड्यातले, शेजारच्या गल्लीत बांधकामावर कामाला. ती आमच्या कुंपणाशी उभी राहून गाणी ऐकायची, म्हणून मीच तिला आत घेतलं. आणि येईल त्याला दाखवायचे — बघा, प्राध्यापिकेची मुलगी आणि मजुराची मुलगी एका डब्यातलं खातात! ती प्राध्यापिकेची मुलगी म्हणजे मुक्ता. दोघी एकमेकींना सोडून राहायच्या नाहीत.

एका शनिवारी पालक मुलांची चित्रं बघायला येणार होते. चित्रं जमिनीवर वाळत घातलेली. मुक्ता चिखलाच्या पायांनी त्यांच्यावरून चालली. बाजूला हो म्हटलं. दोनदा म्हटलं. मग मी तिचं मनगट धरलं आणि — हिसडा दिला. कोपरात काहीतरी सरकलं. माझ्या बोटांना ते कळलं. मुक्ताचा हात लटकला आणि ती किंचाळली. तेव्हा खोलीत आम्ही तिघीच होतो. तिसरी रेणुका.

डॉक्टरांनी हात लगेच बसवला. म्हणाले, "कुणीतरी जोरात ओढलाय." मुक्ताची आई धावत आली होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"रेणुकाने," मी म्हणाले. "खेळता खेळता."

विचार करायला वेळसुद्धा लागला नाही. नाव तोंडात तयार होतं. का तयार होतं? कारण तिच्या बाजूने भांडायला कुणी येणार नव्हतं, हे मला आतून ठाऊक होतं.

आईच्या खांद्यावरून मुक्ता म्हणाली, "बाईंनी ओढला." मी हसले. "घाबरलीय हो. या वयात मुलं सरमिसळ करतात." मुलांमधलं मला कळतं असा माझा लौकिक. आईने माझं ऐकलं.

इथेच थांबले असते तर — पण मी थांबले नाही. मुक्ताला आईने तो आठवडा घरीच ठेवलं होतं. सोमवारी गोलात मी रेणुकाला विचारलं, मुक्ताचा हात कुणी ओढला?

"नानल्ल, अक्कोरे," ती म्हणाली. मी नाही, बाई.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एकदाही आवाज चढवला नाही. केसांवरून हात फिरवत विचारलं — खरं सांग, कुणी रागावणार नाही. चौथ्या दिवशी तिने गोलातल्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि म्हणाली, "हौदु." हो.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि रेणुका हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच हसली.

पुढच्या आठवड्यात तिची आई आली. बांधकामावर कुणीतरी तिला ऐकवलं होतं. तिने हात जोडून माझी क्षमा मागितली — पोरीच्या वतीने. मी काय केलं? "असू दे" म्हणाले. क्षमा केली मी तिला! मुलगी त्या दिवसापासून आली नाही. काम संपल्यावर ते गावी गेले, आणि मला हायसं वाटलं.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नव्या आलेल्या बाईंनी मला विचारलं, "मुलांना खरं बोलायची सवय तुम्ही कशी लावता?" मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. डोळ्यांपुढे रेणुकाचं ते हसणं आलं. तिच्या गावचा एक गवंडी अजून सप्तापुरात आहे. त्याच्याकडून गावाचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाले.

रेणुका आता हायस्कुलात आहे. आईने मला ओळखलं, गूळ-पाणी आणलं. मी तांब्याला हात लावायच्या आधी सगळं सांगितलं, कानडीत, दोघींसमोर.

रेणुकाने मान हलवली. "नाही अक्कोरे. मीच ओढला होता. मला आठवतंय ना. म्हणून तर अक्काच्या बाळाला मी अजून उचलून घेत नाही."

तुम्हीच सांगा — याला काय म्हणायचं? मी तिच्याकडून फक्त एक शब्द वदवून घेतला असं मला वाटत होतं. मी तिच्या डोक्यात एक अख्खी आठवण घालून ठेवली होती.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चिखलाचे पाय, मनगट, मी कोणत्या हाताने धरलं, ती स्वतः कुठे बसली होती. तिसऱ्यांदा सांगितलं. मग तिने विचारलं, "मग मी हो का म्हणाले?"

"मी तुझ्याकडून म्हणवून घेतलं म्हणून."

ती आत निघून गेली. आईने तांब्या उचलला आणि म्हणाली, "बाई, आता तुम्ही जा." मी निघाले.

बसस्टँडवरून मुक्ताच्या आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. "मुक्ता सांगत होती," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

या शनिवारी पालकांची बैठक आहे. मुलं माझ्याकडे ठेवायची की नाही हे त्यांनी ठरवावं. त्याआधी त्यांना सगळं कळलं पाहिजे. काय बोलायचं ते पक्कं आहे, आणि त्यात एकही "पण" नाही. मुक्ताचा हात मी ओढला. रेणुकाने ओढला नव्हता. मी खोटं बोलले, आणि चार वर्षांच्या मुलीला ते खरं मानायला लावलं.