सालकाकांनी कुठलं साल घेतलं

गाडीच्या सीटवर नुसता तळहात फिरवून ती गाडी कोणत्या साली कारखान्यातून निघाली, हे सांगणारा माणूस मी पाहिला आहे. एकदा पैजच लागली. आम्ही त्यांच्या डोळ्यांवर त्यांच्याच दुकानातल्या रेक्झिनची पट्टी बांधली आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या सहा गाड्यांत एकामागून एक बसवलं. ते बसायचे, शिवणीवरून अंगठा हळूहळू ओढायचे, डोकं टेकायची उशी चाचपायचे आणि साल सांगायचे. चार गाड्या बरोबर आल्या. पाचवीत मात्र थांबले.

"पाठ एका सालाची आहे आणि बूड दुसऱ्या सालाचं," ते म्हणाले.

गाडीचा मालक आधी हसला, मग त्याचं हसू मावळलं. मागे अपघातात ती सीट मोडली होती आणि त्याने भंगारातून आणून जोडली होती. हे त्याने घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बायको नेमकी शेजारी उभी होती. सहाव्या गाडीपर्यंत कुणी गेलंच नाही.

त्यांचा धंदा सीट कव्हर शिवण्याचा. बाजाराच्या शेवटच्या वळणावर लांबट दुकान, दारात रेक्झिनच्या उभ्या गुंडाळ्या, आत फोमचा नि मशीनच्या तेलाचा मिसळलेला वास. गाडी आली की आधी जुनं कव्हर उसवून काढायचं, फळाची सोलून काढावी तशी अख्खी साल काढायची. मग तिच्यावरून खाकी कागदावर खाका कापायचा आणि नवी साल चढवायची. लोक त्यांना सालकाका म्हणतात. हे नाव साल काढण्यामुळे पडलं की साल सांगण्यामुळे, यावर चहाच्या टपरीवर आजही वाद होतो आणि कुणीच हरत नाही.

भिंतीवर खिळ्यांची रांग आहे. एकेका खिळ्याला एकेका मॉडेलचा खाका, वर लाल पेन्सिलीने साल. शेवटचा खिळा ते कायम रिकामा ठेवतात. बाजारात नवं मॉडेल आलं की पहिली गाडी आपल्या दारात यावी, पहिला खाका आपल्या कात्रीने कापला जावा, हा त्यांचा अभिमान. ज्याच्याकडे खाका आधी, त्याच्याकडे गिऱ्हाईक आधी. रस्त्यापलीकडे दुसरा सीटवाला आहे. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला "आपल्याकडे डबल टाका असतो" असं सांगतो, म्हणून त्याला डबलटाका म्हणतात. सालकाकांचं नि त्याचं भांडण नव्हतं. फक्त दोघांचं लक्ष एकमेकांच्या खिळ्यांवर असायचं.

अशा या माणसाने हजारो गाड्यांत बूड टेकलं, पण स्वतःची गाडी कधी घेतली नव्हती. ती घ्यायचं ठरलं काकूंच्या गुडघ्यामुळे.

काकूंची धाकटी बहीण डोंगरापलीकडच्या गावात राहते, बसने तासाभराच्या वाटेवर. दोन वर्षांपूर्वी काकू तिच्याकडून परतताना बसची पहिली पायरी त्यांच्या पायाने नाकारली. कंडक्टरने वरून ओढलं, दोन उतारूंनी खालून लोटलं, आणि कुणीतरी मागून "हां, चढलं!" असं ओरडलं. ते "चढलं" काकूंच्या जिव्हारी लागलं.

"पोतं चढतं. मी चढते," त्या घरी येऊन म्हणाल्या. "आजपासून मला कुणी धरून कशात बसवायचं नाही. माझी मला बसता येईल त्यातच मी बसेन, नाहीतर घरात बसेन."

आणि त्या घरात बसल्या. बहिणीशी फोनवर बोलायच्या. "ताई, ये ना गं," असं पलीकडून आलं की "बघू" म्हणायच्या, आणि फोन ठेवल्यावर उगाचच ओटा पुसायच्या. ओटा आधीच लख्ख असायचा. सालकाका हे दोन वर्षं पाहत होते. एका सकाळी त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा पुसला, इस्त्रीचा सदरा घातला आणि शोरूम गाठलं.

शोरूममधल्या विक्रीच्या बाई चाळिशीच्या, बोलायला चटपटीत. वर्ष संपायला आलं होतं.

"काका, तुम्ही अगदी मोक्यावर आलात," त्या म्हणाल्या. "सरत्या सालाची एकच गाडी उरली आहे. भरपूर सूट आहे. थांबायची तयारी असेल तर दोन महिन्यांत नवं मॉडेल येतंय. पूर्ण बदललेलं."

"एकच का उरली?"

बाईंनी खिडकीतून आवाराकडे बोट केलं. तिथे पिकल्या पपईच्या रंगाची गाडी एकटीच उन्हात उभी होती.

"रंगामुळे," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, याचं सालकाकांना बरं वाटलं.

पण त्यांचं लक्ष होतं नव्या मॉडेलच्या पुस्तिकेवर. सीट सात तुकड्यांची. पाठीवर पानाच्या शिरांसारखी तिरकी शिवण. कडेला पायपिंगचा दुहेरी गोट. अशी सीट त्यांच्या हाताखालून आजवर गेली नव्हती. त्यांची बोटं कागदावरच शिवण चाचपू लागली.

"ही गाडी इथे पहिली कुणाला मिळेल?"

"जो आज नाव लिहील त्याला."

रिकामा खिळा त्यांच्या डोळ्यांपुढे लखलखला. पहिली गाडी आपलीच! गिऱ्हाइकाची वाट बघायला नको. स्वतःच्या गाडीची साल स्वतः काढायची! "उद्या सांगतो," म्हणून ते निघाले, पण मनात नाव लिहून झालं होतं.

बाजारात बातमी त्यांच्या आधी पोचली. न्हावी म्हणाला, नवीच घ्या, जुनी आता घेतली तर पंधरा दिवसांत एका वर्षाने म्हातारी होईल. पोस्टमन म्हणाला, पहिल्या फेरीतल्या गाड्यांत खोड्या असतात, जुनीच बरी. डबलटाका आपल्या दारातूनच ओरडला, "सालकाका, पपई घेताय म्हणे! घ्या घ्या. नव्याचा खाका मी कापतो, लागला तर तुम्हाला उसना देईन."

एवढं पुरे होतं. सालकाका घरी आले ते तणतणतच.

"नवं साल घेतोय," त्यांनी काकूंना सांगितलं. "आत्ता जुनी घेतली तर पंधरा दिवसांत एका वर्षाने म्हातारी होते."

"मीही होते," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मला काय आवारात उभी करणार?"

"अगं, सीट बघ तिची! सात तुकडे!" त्यांनी पुस्तिका पुढे धरली.

काकूंनी चष्मा लावून चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "देखणी आहे. जमिनीपासून किती उंच?"

सालकाकांनी पुस्तिका स्वतःकडे वळवली. रुंदी त्यांना पाठ होती, पाठीचा कल पाठ होता, शिवणीची लांबी पाठ होती. उंची त्यांनी पाहिलीच नव्हती. कव्हर शिवणाऱ्याला सीट जमिनीपासून किती वर आहे याच्याशी कधी काम पडत नाही.

"आणि मी किती उंच?" काकूंनी विचारलं. "एवढी वर्षं सगळ्या गावाच्या गाड्यांची मापं घेतलीत. जिला बसायचंय तिचं घेतलंत का कधी?"

सालकाकांनी खिशातून टेप काढली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर काकू बसल्या होत्या, त्यांच्यासमोर ते खाली बसले आणि टाचेपासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत टेप धरली. मग स्टूल मोजलं. एकोणीस इंच. हे स्टूल त्यांनीच काकूंना करून दिलं होतं, अंदाजाने, टेप न लावता. काकू दिवसातून पन्नासदा त्यावर बसायच्या नि उठायच्या, कुणाचा हात न घेता.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आकडे होते. हिशोब केला तर नव्या मॉडेलची सीट साडेपंधरा इंचांवर बसत होती. बाई म्हणाल्या होत्या, नवी गाडी जमिनीला धरून पळते.

"साडेतीन इंच म्हणजे काय मोठं," सालकाका म्हणाले. पण आवाज कव्हरखालून आल्यासारखा आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी काम बंद ठेवलं. मागे पडलेली एक सीट ओढून काढली, विटांवर फळ्या रचून बरोबर साडेपंधरा इंचांवर बसवली. शेजारी उंबऱ्यासारखा लाकडी दांडा ठोकला, दोन शिड्यांवर आडवी फळी टाकून छप्पर केलं. पुस्तिकेतलं माप, सुतासुतात. मग काकूंना बोलावलं.

"चाकं कुठे आहेत?" काकूंनी विचारलं.

"चाकं शोरूमवाले देतात. तू बस."

काकू पाठमोऱ्या झाल्या, हळूच खाली गेल्या, आणि चार बोटं उरली तेव्हा धपकन सीटवर पडल्या. पाय उचलून आत घेतले. "हं. ऐसपैस आहे."

"आता उतर."

काकूंनी पाय बाहेर टाकले. हात मांड्यांवर ठेवले. पुढे झुकल्या. उठल्या नाहीत. पुन्हा झुकल्या. कपाळावर घाम आला. सालकाकांचा हात आपोआप पुढे गेला.

"हात लावू नका."

हात तिथेच थांबला. मग काकू कुशीवर वळून, फळीला धरून, कशाबशा उभ्या राहिल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. त्या रागावल्या असत्या तर सालकाकांना सोपं गेलं असतं.

"फोम वाढवतो," ते घाईने म्हणाले. "साडेतीन इंच. माझ्या हातचं काम आहे."

त्यांनी फोम कापला, घातला, वर रेक्झिन ताणलं. सीट एकोणीस इंच झाली. काकू बसल्या, आणि खाडकन आवाज झाला. छपराची फळी डोक्याला लागली होती. नवं मॉडेल छपरानेही बुटकं होतं.

आधी काकूच हसल्या. डोकं चोळत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "अहो, गाडी घेताय की टोपी?"

सालकाकाही हसले. त्यांनी वाढवलेला फोम काढून टाकला, आणखी फळ्या आणल्या आणि सरत्या सालाच्या मापाने सगळं पुन्हा रचलं. भिंतीवरच्या खाक्यात उंची नव्हती, म्हणून ती त्यांनी रस्त्याकडेच्या तशाच एका गाडीला टेप लावून घेतली. सीट एकोणीस इंचांहून दोराभर जास्त, छप्पर वर. काकू बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. तिसऱ्यांदा बसल्या त्या उठेचनात.

"काय झालं?" सालकाका घाबरले.

"काही नाही. चहा इथेच आणा."

डबलटाका दारात येऊन उभा होता. "काय चाललंय सालकाका? काकूंची सर्कस?"

"ट्रायल," काकू आतून म्हणाल्या. "तुझ्या डबल टाक्याची गादी आण, तिच्यावरून उठता येतंय का बघते."

तो हसत परत गेला. जाताना त्याची नजर रिकाम्या खिळ्यावर गेली, तशीच सालकाकांचीही गेली. मग सालकाकांनी चहाचा कप काकूंच्या हाती दिला, कोपऱ्यातला खाकी कागद घेतला आणि त्यावर लाल पेन्सिलीने लिहिलं: 'हिचं माप. एकोणीस.' तो कागद त्यांनी रिकाम्या खिळ्याला अडकवला आणि शोरूमला निघाले.

"नवी ना, काका?" बाईंनी वही उघडली.

"पपई," सालकाका म्हणाले.

दोन महिन्यांनी नवं मॉडेल आलं. पहिली गाडी डबलटाक्याच्या दारात लागली, खाका त्याने कापला. सालकाका रस्ता ओलांडून गेले, सीटवरून अंगठा ओढला आणि मनापासून म्हणाले, "शिवण सुरेख आहे रे." मग परत आले. त्यांना वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी त्यांनी तीन कव्हरं उलटी शिवली.

पण त्याआधीची एक सकाळ सांगायची राहिली, गाडी घरी आणल्यानंतरच्या रविवारची. सालकाकांनी आठवडाभर खपून सीटांना निळी साल चढवली होती, कडेला पांढरं पायपिंग. पपई रंगावर निळं म्हणजे लांबूनही चुकायचं नाही. त्यांनी गाडी फाटकापुढे लावली आणि दार उघडायला वळसा घालून धावले. ते पोचायच्या आत दार उघडलं गेलं, काकू पाठमोऱ्या झाल्या, बसल्या, पाय आत घेतले आणि दार ओढून घेतलं. सालकाका हात पुढे करून नुसतेच उभे राहिले.

काच खाली आली. "बसा की आता. का तुम्हाला कुणी धरून बसवू?"

डोंगर चढून, उतरून गाडी धाकटीच्या अंगणात थांबली. धाकटी हात पुसत घरातून धावत आली, पण ती पायरी उतरेपर्यंत काकू गाडीबाहेर ताठ उभ्या होत्या, एका हाताने केस सारखे करत. मग धाकटीने डोळे पुसले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"ताई, अगंबाई, नवीन मॉडेल का गं?"

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग निळ्या सीटवरून प्रेमाने हात फिरवला.

"साल जुनं आहे," त्या म्हणाल्या, "पण साल नवी आहे."